अण्णा चित्राला बसले

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या आतल्या प्लास्टिकच्या भागांची डिझाइनं करते. डॅशबोर्ड, दाराचं आतलं पॅनल, असं काहीबाही. या कामात एक मोठी सोय असते. वस्तूची एक बाजू नीट काढली की कॉम्प्युटरला सांगायचं, दुसरी बाजू उलटवून दे. क्षणात वस्तू पुरी होते आणि दोन्ही बाजू अगदी हुबेहूब. वर्षानुवर्षं हेच करत आल्यामुळे असेल, पण चित्रकलेच्या वर्गाला जायला लागले तेव्हा मी माणसांचे चेहरेसुद्धा तसेच काढायचे. एक डोळा जमला की त्याच मापाचा दुसरा.

हा वर्ग दर रविवारी दुपारी चिंचवडला, एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या घरी वरच्या मजल्यावर भरतो. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, नवऱ्याच्या कंपनीचं काम फिरतीचं, त्यामुळे माझे रविवार एकदम मोकळे झाले होते. शाळेत असताना चित्रं काढायचे, ते मधल्या सगळ्या वर्षांत सुटून गेलं होतं. चाळिशी उलटल्यावर पुन्हा पेन्सिल धरताना लाज वाटली, पण वर्गात माझ्याहून मोठी माणसं होती, त्यामुळे निभावलं.

मला फुलं, घाट, देवळं यांत रस नव्हता. मला माणसं काढायची होती. मोबाईलमधले फोटो समोर ठेवून, कागदावर चौकटी आखून मी चेहरे काढायचे. एकदा मुलीचं चित्र काढून नेलं. मला ते फार आवडलं होतं. सरांनी ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"मापं चोख आहेत तुमची," ते म्हणाले. "नाक नाकाच्या जागी, कान कानाच्या जागी. पण ही पोरगी तुमच्याकडे बघत नाहीये. मोबाईलकडे बघतेय."

खरंच होतं ते. फोटो काढताना मुली जसा चेहरा करतात तसाच तो होता, मी तो इमानेइतबारे कागदावर उतरवला होता.

"फोटो आता पुरेत," सर म्हणाले. "घरातलं कुणीतरी समोर बसवा. अर्धा तास, तासभर. नुसतं बघत राहा आणि काढा."

मला हसू आलं. आमच्या घरात कोण तासभर बसणार? नवरा घरी असला की त्याचा लॅपटॉप उघडा. सासूबाई एका जागी दोन मिनिटं ठरत नाहीत. आणि सासऱ्यांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

माझ्या सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते मूळचे बीडकडचे. ऐन तरुणपणी भोसरीला एका फाउंड्रीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम. थेरगावात दोन खोल्यांत त्यांनी संसार केला, मुलांना शिकवलं, आणि आम्ही पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतल्यावर काहीशा नाखुशीनंच आमच्याकडे राहायला आले. माणूस प्रेमळ, पण माझ्याशी बोलणं मोजकं. "गाडी आली का?", "जेवलीस का?" यापलीकडे आमचं फारसं संभाषण नव्हतं. मीही मान खाली घालून उत्तर द्यायचे. आमच्याकडे तशीच रीत होती आणि तिची दोघांनाही सवय झाली होती.

थंडीचे दिवस होते. सकाळी मी कंपनीच्या बसची वेळ बघत डबा भरत होते. अण्णा चहा पीत बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "अहो, सांडतोय की चहा, सदऱ्यावर बघा." अण्णांनी खाली बघितलं. पुन्हा घोट घेतला, तो पुन्हा ओठाच्या कोपऱ्यातून खाली आला. मी वळून बघितलं आणि माझ्या हातातला डबा तसाच ओट्यावर राहिला. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा गाल खाली ओघळलेला, उजवा डोळा टक्क उघडा. ते काहीतरी बोलत होते आणि शब्द हवेसारखे निसटत होते.

आम्हाला वाटलं, अर्धांगवायूचा झटका. रिक्षात सासूबाई देवाचं नाव घेत होत्या आणि मी अण्णांचा हात धरून ठेवला होता, पुन्हा पुन्हा सांगत होते, "माझी बोटं दाबा. दाबा." ते दाबत होते. चांगली जोरात दाबत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हातपाय हलवून बघितले, डोक्याचा स्कॅन केला. मग अण्णांना म्हणाले, "आजोबा, भुवया वर करा बघू, आश्चर्य वाटल्यासारखं." डाव्या कपाळावर आठ्या पडल्या, उजवं कपाळ गुळगुळीत राहिलं. डॉक्टरांनी मला ते दाखवलं. म्हणाले, मेंदूतलं काही असतं तर बहुधा दोन्हीकडे आठ्या पडल्या असत्या. स्कॅनही चांगला आहे. हा चेहऱ्याच्या नसेचा त्रास आहे, नस सुजलीय. औषधं घ्या, डोळ्याला जपा, चेहऱ्याचे व्यायाम करा. बहुतेकांचं बरं होतं, वेळ लागतो.

आम्हाला हायसं वाटलं. अण्णांना वाटलं नाही.

घरी आल्यावर ते बाथरूममध्ये गेले, बराच वेळ आत होते. बाहेर आले ते खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावूनच. त्या दिवसापासून त्यांनी खाली जाणं बंद केलं. सोसायटीच्या बागेत संध्याकाळी म्हाताऱ्यांचा कट्टा जमतो, अण्णा त्यातले पक्के सभासद. तिथून फोन आले तर सासूबाई सांगायच्या, "ताप आलाय, विश्रांती सांगितलीय." करोनाच्या दिवसांत ज्या माणसाला मास्क लावायला आम्ही हातापाया पडायचो, तो माणूस आता कपाटातून जुने मास्क शोधून घरातसुद्धा लावून बसायला लागला. जेवायलाही पाठमोरे बसायचे.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊन गेली. गाल फुगवा, शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करा, डोळे मिटा, दात दाखवा. "आरशासमोर बसून करायचं हं आजोबा. आपण काय करतोय ते दिसलं पाहिजे." अण्णा हो म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी आरसा उलटा करून ठेवला.

सासूबाई त्यांच्याशी बोलताना भिंतीकडे, भांड्यांकडे, कुठेतरी दुसरीकडेच बघायच्या. त्यांना ते बघवत नव्हतं, यात त्यांचा दोष नव्हता. मीही तेच करत होते. नवरा फिरतीवरून आला की वडिलांशी बोलताना उगाच मोठ्यानं बोलायचा, जणू त्यांना ऐकू येत नाही.

एका शनिवारी मी बाल्कनीत बसून रविवारच्या वर्गासाठी काहीतरी खरडत होते. अण्णा आले आणि दाराशी उभे राहिले.

"पोरी, तू माणसं काढतीस न्हवं?"

"हो अण्णा. शिकतेय."

"माझं तोंड काढ."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्यांनी मास्क काढला, समोरच्या खुर्चीत बसले.

"ती पोरगी म्हणली आरशात बघून कर. आरशात बघूशी वाटंना मला. कागदावर बघीन. कागदावर बघाया काय नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण खरं काढ. गोड करू नको."

त्यांच्या एवढ्या सलग बोलण्याची मला सवय नव्हती. मी नवा कागद घेतला. आणि लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे नजर वर करून निवांत बघितलं.

पहिलं चित्र करायला माझी सगळी सकाळ गेली. पुरं झाल्यावर अण्णांनी ते गुडघ्यावर ठेवलं. चष्मा लावला.

"हा कोण?"

"तुम्हीच."

"हा माझा धाकटा भाऊ दिसतोय," ते म्हणाले. "त्याला काय झालं न्हाई."

मी चित्र परत घेतलं. बघितलं तर तोंड जवळजवळ सरळ होतं. उजवा डोळा डाव्याएवढाच. मी मुद्दाम केलं नव्हतं. माझा हात आपोआप वाकडं ते सरळ करत गेला होता. थोडी कीव असेल, थोडी नोकरीतली सवय.

दुसऱ्या दिवशी मी चंग बांधला की काहीही सोडायचं नाही. पेन्सिल उभी धरून मापं घेतली. ओठाचा कोपरा किती खाली, पापणी किती उघडी, गाल कुठून लोंबतो, सगळं जसंच्या तसं. हे चित्र अण्णांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग म्हणाले, "बरोबर हाय. असंच झालंय." आणि चित्र पालथं घातलं. आत निघून गेले.

मला फार वाईट वाटलं. दोन्ही कागद घेऊन मी वर्गाला गेले आणि सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दुसऱ्या चित्रातल्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूवर आपला पंजा ठेवला आणि मला म्हणाले, "आता बघा."

चेहऱ्याची डावी बाजू तेवढी दिसत होती. चांगली बाजू. ती मी घाईघाईनं उरकली होती. डोळा म्हणजे एक गोल, गालावर दोन रेघा. माझं सगळं लक्ष आजारी बाजूवर होतं.

"हा माणूस काय विचार करतोय, ते सांगणारी हीच बाजू आहे सध्या," सर म्हणाले. "आणि ती तुम्ही बघितलीच नाही. आजार काढलात. ते बसतात तेव्हा बोलतात का?"

"नाही. मी गप्प बसायला सांगते. हलू नये म्हणून."

"बोलतं करा. हलले तर हलू दे. गप्प बसवलेला माणूस दगड होतो. तुम्ही पुसा, परत काढा, पण त्याला बोलू दे."

पुढच्या बैठकीला अण्णा येतील की नाही याची मला धाकधूक होती. ते आले. मी काढायला सुरुवात करायच्या आधी विचारलं, "अण्णा, तुम्ही पहिल्यांदा इकडे आलात तेव्हा कुठं राहिलात?"

आणि अण्णा बोलायला लागले. भोसरीत एका खोलीत गावाकडचीच सगळी पोरं. एक खाट दोघांत. एक दिवसपाळीला गेला की रात्रपाळीवाला त्याच अंथरुणात येऊन झोपायचा. "आमची तोंडओळख न्हवती बरं का. उशी तेवढी वळखीची." हे सांगताना त्यांना हसू आलं आणि मी पेन्सिल थांबवून बघत राहिले. त्यांचं अर्धंच तोंड हसत होतं. डावा गाल वर गेला, डाव्या डोळ्याखाली बारीक घड्यांचं जाळं उमटलं, नाकापासून ओठापर्यंतची घडी खोल झाली. उजवी बाजू मात्र शांत, कपाळ नितळ, गालावर एक सुरकुती नाही. मला एकदम जाणवलं की ती बाजू तरुण दिसतेय. सुरकुत्या सगळ्या स्नायूंच्या ओढीनं पडतात, आणि ओढच नाही म्हटल्यावर त्या पुसल्या गेल्या होत्या. डावीकडे माझा ओळखीचा म्हातारा, उजवीकडे त्या खोलीतला बीडचा पोरगा.

मी त्यांना हे सांगितलं. ते हात लावून लावून गाल चाचपत राहिले. "व्हय?" म्हणाले. "बघू तरी." आणि स्वतः उठून आरसा सरळ करून आले. त्यांनी आरशात काय बघितलं ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या खोलीतून गाल फुगवून फुस्स करण्याचा आवाज येत होता.

मग आमचं असंच चालू झालं. शनिवारी आणि रविवारी सकाळी बाल्कनीत. बोलताना ते कधी फाउंड्रीबद्दल सांगायचे. लोखंडाचा रस तयार झाला की नाही हे त्याच्या रंगावरून कसं कळायचं, भट्टी नेहमी डाव्या हाताला असायची, म्हणून त्यांचा डावा गाल उजव्यापेक्षा काळपट राहिला तो राहिलाच. मी त्यांच्यासोबत इतकी वर्षं राहत होते आणि हा रंगातला फरक मला कधी दिसला नव्हता. कधी ते मलाच विचारायचे. माझ्या कामाबद्दल, माझ्या साहेबाबद्दल. "चाकणच्या ट्रॅफिकमधी दोन दोन तास बसतीस, घरी येऊन भाकरी करतीस. दमतीस का न्हाई?" लग्न झाल्यापासून हा प्रश्न मला त्या घरात कुणी विचारला नव्हता. मी मान खाली घालून चित्र काढत राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसायला नको होते.

चित्रं साठत गेली. मी ती हॉलच्या भिंतीवर चिकटपट्टीनं लावून ठेवायचे, म्हणजे येता-जाता चुका दिसतात. सासूबाई कुरकुरल्या, "घराची काय दशा केलीस." पण चित्रं उतरवायला त्यांनी सांगितलं नाही.

एका रविवारी दाराची बेल वाजली आणि अण्णा उठून तडक आतल्या खोलीत गेले. दारात चाचा उभे होते. चाचांचं थेरगावात डांगे चौकाजवळ दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. अण्णा तिकडे राहायचे तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. संध्याकाळी गॅरेजच्या मागं कॅरम खेळण्यात दोघांचं अर्धं आयुष्य गेलेलं. "ताप आलाय" हे फोनवर ऐकून ऐकून ते कंटाळले होते.

"इतके दिवस कुठला ताप असतो?" ते आत येत म्हणाले आणि तिथेच थबकले. समोर भिंतीवर अण्णा होते. एक नाही, रांगेनं.

मी घाईघाईनं सांगायला लागले, चेहऱ्याची नस आहे, झटका नाही, बरं होतंय. चाचांनी हात वर करून मला थांबवलं. ते एका चित्रासमोर जाऊन उभे राहिले होते. त्या चित्रात अण्णांची डावी भुवई किंचित वर चढलेली आहे आणि नजर तिरकी आहे. मला तो दिवस आठवत होता. त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं आणि माझं उत्तर त्यांना पटलं नव्हतं.

चाचा मोठ्यानं हसले. "अरे, हा तर तोच! माझी राणी पॉकेटमध्ये गेली की असाच बघतो माझ्याकडं. म्हणजे जणू मी काहीतरी चिटिंग केली." मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "भाऊ! बाहेर ये. तुला बघून झालंय माझं. आता काय लपतोस?"

आत काही हालचाल झाली नाही. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मग दार उघडलं. अण्णा टॉवेल तोंडाशी धरून आले. चाचांसमोर आल्यावर त्यांनी टॉवेल खाली घेतला.

चाचांनी त्यांच्याकडे सरळ बघितलं, नजर न वळवता. मग म्हणाले, "चहा टाका वहिनी. सांडला तर सांडला."

चहा आला. अण्णांनी बशीत ओतला आणि सगळ्यांसमोर प्यायले. थोडा सांडला. चाचांनी खिशातून गॅरेजचं फडकं काढलं, त्याच्यावरचं ग्रीस बघून परत खिशात घातलं, आणि अण्णा असे हसले की उरलेला चहाही सांडला. सासूबाईसुद्धा हसल्या. त्या दिवशी दोघं खाली बागेत जाऊन बसले. मास्क अण्णांच्या खिशात होता, त्यांनी तो बाहेर काढला नाही. हे मी बाल्कनीतून बघत होते.

सरांनी ती सगळी चित्रं बघितली आणि म्हणाले, "आता रंगात करा. कॅनव्हासवर." वर्गाचं प्रदर्शन जवळ आलं होतं, तिथे ते लावायचं ठरलं. घरी हे सांगितल्यावर सासूबाई पहिल्यांदा स्पष्ट बोलल्या.

"रंगीत काढशील तर तोंड सरळ काढ. कागद काय, फाटून जातात. पण हे भिंतीवर राहणार. उद्या आम्ही नसू, नातवंडं म्हणतील आमचा आजा वाकड्या तोंडाचा होता."

त्यांच्या मनात हाराचा फोटो होता, हे मला कळत होतं. त्यांचंही काही चूक नव्हतं. एव्हाना अण्णांचा चेहरा बराच सुधारला होता, डोळा मिटायला लागला होता, शब्द स्पष्ट येत होते. आणखी काही महिने थांबले असते तर सरळ चेहरा काढता आला असता. मी अण्णांकडे बघितलं.

"आत्ता हाय तसं काढू दे," ते सासूबाईंना म्हणाले. "मी काय चोरी केली का?"

सासूबाई तडक स्वयंपाकघरात निघून गेल्या.

रंगकाम मात्र मला जमेना. डोळ्यांपाशी गाडी अडली. तांत्रिकदृष्ट्या सगळं ठीक होतं, चमक बरोबर, पापणीची सावली बरोबर, गालांच्या दोन वेगळ्या छटासुद्धा साधल्या होत्या. तरी कॅनव्हासवरचे अण्णा चित्राला बसलेले अण्णा दिसत होते. भला माणूस, सुनेला मदत करतोय, असे. मी पुन्हा पुन्हा खरवडून काढत होते.

असंच एकदा अण्णांना समोर बसवून मी खरवडत असताना सासूबाई वाटाण्याच्या शेंगांची परात घेऊन आल्या आणि माझ्या मागं खुर्ची ओढून बसल्या. रुसवा अजून गेला नव्हता, पण अण्णा आणि मी बसून काय एवढं बोलतो याचं त्यांना कुतूहल असावं. शेंगा सोलता सोलता त्यांनी अण्णांवर तोफ डागली. औषध वेळेवर घेत नाहीत, खाली गेले की वरच येत नाहीत, आणि काल चाचांबरोबर कांद्याची भजी खाल्ली ती काय मला कळली नाही होय?

मी कॅनव्हासवरून नजर उचलली. समोर बसलेला माणूस बदलला होता. डावी पापणी जराशी खाली आली होती, ओठाच्या कोपऱ्याशी हसू दाबून ठेवलेलं, मान थोडी पुढं. ओरडा खायचा कंटाळा, आपण पकडले गेलो याची गंमत, आणि ही बाई अजून आपल्यावर ओरडतेय याचं समाधान, सगळं एकदम. माझ्याकडे बघताना हा चेहरा कधीच आला नसता. तो सासूबाईंसाठीच होता.

"आई, उठू नका," मी म्हणाले. "बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. भज्यांचं सांगा."

त्या बोलत राहिल्या. मी रंगवत राहिले. मधेच त्या थांबल्या तर अण्णांनीच विषय काढून दिला, म्हणाले भजी कांद्याची न्हवती, बटाट्याची होती. त्यावर पुन्हा तोफ सुरू. शेंगा संपल्या तरी सासूबाई उठल्या नाहीत. संध्याकाळचा उजेड जायला लागला तेव्हा मी ब्रश ठेवला आणि त्यांना कॅनव्हास दिसावा म्हणून बाजूला झाले.

त्या बघत राहिल्या. मला वाटलं, पुन्हा वाकड्या तोंडाचा विषय काढतील. त्यांनी सोललेले वाटाणे हातानं सारखे केले.

"असंच बघत्यात," त्या हळूच म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं. मला वाटायचं मलाच दिसतंय."

प्रदर्शन चिंचवडलाच एका लहानशा हॉलमध्ये होतं. अण्णा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, मिशी कोरून आले. चाचा गॅरेज बंद ठेवून आले. चित्राखाली मी कुणाचं नाव लिहिलं नव्हतं, नुसतं 'सासरे' लिहिलं होतं. लोक यायचे, चित्र बघायचे, मग शेजारी उभ्या असलेल्या अण्णांकडे बघायचे. एका बाईंनी विचारलं, "हे तुम्हीच का?" अण्णा म्हणाले, "व्हय. तवाचा." एक गृहस्थ बराच वेळ चित्रासमोर उभे होते. त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या बहिणीला असंच झालंय, ती घराबाहेर पडत नाही, तिला घेऊन येऊ का? अण्णाच पुढं होऊन म्हणाले, "आणा की. मी हितंच हाय." ती बहीण दुसऱ्या दिवशी तोंडाला ओढणी गुंडाळून आली. अण्णा तिला घेऊन एका कोपऱ्यात बसले आणि गाल कसा फुगवायचा ते दाखवत राहिले. मी तिकडे गेले नाही. ते त्यांचं त्यांचं बोलणं होतं.

आज अण्णांचा चेहरा जवळपास पहिल्यासारखा आहे. जेवताना उजवा डोळा आपोआप बारीक होतो तेवढंच. डॉक्टर म्हणतात ते राहील. चित्र हॉलमध्ये सोफ्याच्या वर आहे आणि आल्या-गेल्याला त्याची हकिकत सांगायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. त्यांच्या हकिकतीत भजी कांद्याचीच असतात.

मी चांगली चित्रं काढते असं कुणी म्हटलं की मला त्या शनिवारची आठवण येते. अण्णांनी मास्क काढला नसता तर मी आजही फोटोंवर चौकटी आखत बसले असते. आपला सर्वांत नकोसा झालेला चेहरा त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि हवं तितकं बघ म्हणाले. सुनेला सासऱ्याकडे बघायची इतकी मुभा कोण देतं? हे मी त्यांना एकदा सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी "बरं बरं" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला.

सरांनी मात्र त्यांना सोडलं नाही. प्रदर्शनानंतर त्यांनी अण्णांना वर्गासाठी बसायला बोलावलं. आता महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून चिंचवडला जातो. वर्ग सगळा गोल करून बसतो, मधे खुर्चीत अण्णा. ते भोसरीची गोष्ट सांगतात, हात हलवतात, खुर्चीतून अर्धे उठतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका रबर घासून घासून वैतागतात, "अहो, जरा स्थिर बसा की!" सर तिकडून ओरडतात, "बोलू द्या त्यांना, बोलू द्या." आणि अण्णा काकांकडे एक तिरका कटाक्ष टाकून पुढची गोष्ट सुरू करतात.